हौद्याची मोटर

सोमवार, १४ नोव्हेंबर १९४९. रक्कम चारशे अकरा रुपये. जागा धारच्या जुन्या मोटरखान्याचे मागचे अंगण. हजर माणसे चार: लिलाव पुकारणारे नाझर, इंदूरचे एक लोखंडवाले शेठ, माझे थोरले बंधू आणि मी.

संस्थाने विलीन होऊन दीडेक वर्ष झाले होते. दरबारच्या ज्या मोटरी नव्या सरकारला नको होत्या, त्या एकेक करून निघत होत्या. चांगल्या आधीच गेल्या. शेवटी उरली ती शिकारखान्याची गाडी. पुढे दोन माणसांची बैठक, मागे उघडा हौदा, हौद्यात उभे राहून धरायला लोखंडी कठडा, वर दोन शोधदिवे. अशा गाडीला आता पिकअप म्हणतात. मोटरखान्यात तिला हौद्याची मोटर म्हणत. तिचे तीन टायर बसले होते आणि चौथे चाकच नव्हते. शेठ चारशेवर थांबले. मी चारशे अकरा म्हटल्यावर ते हसले.

"भिया, लोहा तो इसमें चार सौ का ही है. ऊपर के ग्यारह काहे के दे रहे हो?"

मी नोटा मोजू लागलो. दादा जरा दूर, गाडीकडे पाठ करून उभे होते. सांगायचे तर त्यांच्यासमोरच सांगावे लागले असते.

दादांनी धार दरबारची मोटर बावीस वर्षे चालवली. विलीनीकरणानंतर लहानसे पेन्शन घेऊन ते देवासला माझ्याकडे राहायला आले. वहिनी पूर्वीच वारल्या होत्या आणि मूलबाळ नव्हते. मी देवासला कचेरीत कारकून. घर मोठे नव्हते, पण एका माणसाची अडचण होईल इतके लहानही नव्हते. अडचण दादांनाच होत होती. पहाटे उठून ते आग्रा रोडवर जात आणि एका मोरीच्या कठड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मोटरींचे आवाज ऐकत. परत आले की म्हणत, "आज एका लॉरीचा क्लच जायला आलाय. मालकाला अजून पत्ता नाही." मग दिवसभर पडवीत येरझाऱ्या. त्यांच्या चालण्याने मलाही जागेवर बसवेना. मी आकडेमोड करायला बसलो की बेरीज दोनदा करावी लागे.

आमच्यात धाकटी सून थोरल्या दिरांशी सरळ बोलत नाही. आमची मंडळी पदर सावरून भिंतीशी बोलत. "म्हणावं, चहा ठेवलाय. म्हणावं, चालून चालून पडवीची फरशी झिजेल." दादा भिंतीलाच उत्तर देत, "बरं."

त्या दसऱ्याला दादांनी सांगून टाकले की पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर ते मुंबईला जाणार, कुणा शेटजीकडे ड्रायव्हर म्हणून राहणार. त्यांचे वय एक्कावन्न. मुंबईत त्यांचे कोणी नाही. मोटरीवाचून ते घरात राहायचे नाहीत हे मला कळत होते, आणि मुंबईत ते टिकायचे नाहीत हेही. मी हिशेब मांडला. देवासहून इंदूरच्या मंडईत बटाटे, कांदे, मावा जातो. आपली एक गाडी असली तर खर्च वजा जाता दादांचा पगार निघतो. म्हणून ते वरचे अकरा रुपये.

उसनी चार चाके लावून, एका लॉरीमागे दोरखंड बांधून गाडी धारहून देवासला आणली. दादा सुकाणूवर बसले होते. इंजिन बंद, आणि तरीही वळण आले की ते हॉर्नच्या रबरी फुग्याकडे हात नेत. फुगा कधीच फाटून गेला होता.

गाडी चिंचेखाली उभी केली. दुसऱ्या दिवशी मी बाह्या सरसावून विचारले, "दादा, आधी कुठला पाना लागेल?"

"पाना?" ते म्हणाले. "पान्याचं मिस्त्रीला विचार."

तेव्हा मला कळले. मोटरखान्यात मिस्त्री मोटर उघडे, क्लीनर धुई, आणि ड्रायव्हर चालवी. बावीस वर्षांत दादांनी बॉनेट स्वतःच्या हाताने उचलले नव्हते. काळ्या हाताचा माणूस स्वारीच्या मोटरीवर बसत नसे. माझ्या हिशेबात दुरुस्तीच्या मजुरीपुढे मी शून्य लिहिले होते.

महूच्या छावणीत लष्करी गाड्यांवर काम केलेला एक मिस्त्री मिळाला. रविवारी सकाळच्या बसने येई आणि संध्याकाळच्या बसने जाई. पाच रुपये आणि जेवण. हाताखाली मी. हेड काढले, व्हॉल्व्ह घासले, नव्या रिंगा घातल्या. रेडिएटर चार ठिकाणी झाळून घेतला. टायर महूच्या लष्करी लिलावातले, त्यातले दोन बरे आणि तीन तसेच. माल भरायचा म्हणून मागच्या स्प्रिंगांना एकेक पाटा वाढवला. सुताराकडून हौद्याच्या फळ्या हातभर उंच करून घेतल्या आणि वर ताडपत्रीसाठी लोखंडी कमानी बसवल्या. शिकारीचा कठडा कापायला निघालो तेव्हा दादा म्हणाले, "तो राहू दे." मी म्हटले, बटाटे उभे राहून प्रवास करत नाहीत. ते आत निघून गेले. कठडा कापला, त्याच्याच सळ्यांच्या कमानी केल्या.

दादा खुर्ची टाकून बसत, पण दोन मिनिटांत उठत आणि गाडीभोवती फिरत.

"मिस्त्री, तिसऱ्या सिलिंडरात खोकला आहे."

"दादासाब, इंजन है. दमे का मरीज नहीं."

"उघडून तर बघ."

मिस्त्रीने कुरकुरत उघडले. "खोकला तो है," तो म्हणाला, "पर दूसरे में है."

"एकानं काय होतं?" दादा म्हणाले आणि पुन्हा फिरू लागले. त्या दिवशी त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीला ग्रीस लागले. मंडळींनी भिंतीला सांगितले, "म्हणावं, कोट धुवायला टाकावा. म्हणावं, डाग जायचा नाही." दादांनी कोट टाकला नाही. पुढच्या रविवारी तोच घालून बसले.

श्रावणात गाडी सुरू झाली. तोवर अकराशे ब्याऐंशी रुपये गेले होते आणि माझ्या शिलकीत एकोणचाळीस उरले होते. नोंदणीसाठी मी इंदूरच्या मोटर कचेरीत गेलो. तिथल्या तरुण साहेबांनी कागद पाहिले आणि विचारले, "चलाएगा कौन?"

"माझे बंधू. बावीस वर्षांचा अनुभव आहे."

"बहुत अच्छा. उनका लायसेंस?"

मी घरी येऊन दादांना विचारले.

"कसलं लायसन?"

"मोटर चालवायचं."

"मला लायसन कोण देणार? मोटर दरबारची, रस्ता दरबारचा." ते उठले, कोनाड्यातून पितळी बिल्ला काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. "हा दाखव त्याला."

टायर, पाटे, ताडपत्री, विमा, मालवाहतुकीचा परवाना, सगळे मी हिशेबात मांडले होते. दादांना मोटर चालवण्याची परवानगी लागेल हे आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. बिल्ला चालणार नाही, परीक्षा द्यावी लागेल, असे मी सांगितले.

"परीक्षा? त्या पोरापुढे?" एवढेच ते बोलले. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची ट्रंक खाली आली.

"दादा, मुंबईतही विचारतील," मी म्हटले.

"मुंबईत?"

"सगळीकडेच."

त्यांनी ट्रंक भरली नाही आणि वरही ठेवली नाही. ती पडवीत तशीच राहिली. येता-जाता सगळ्यांना ठेचा लागत. चिंचेखाली गाडी उभी, पडवीत ट्रंक उभी, आणि दादा दोन्हींच्या मधल्या अंगणात फेऱ्या घालत.

मग मीच शिकायचे ठरवले. टेकडीखालच्या मैदानात दादांनी मला शिकवले.

"क्लच सोड. सोड म्हणजे टाक नव्हे! मांजराच्या शेपटीवरनं पाय उचलतोस तसा उचल."

"दादा, मी मांजराच्या शेपटीवर पाय देत नाही."

"आता गिअरच्या दिला."

कचेरीत मिळालेली नियमांची पुस्तिका मी पाठ केली आणि ऑक्टोबरात पास झालो. दादा म्हणाले, "तू? पास?" आणि गाडीभोवती फिरू लागले.

एक दिवस रजा काढून पहिली खेप नेली. बटाट्याची चौदा पोती. मी चालवत होतो आणि दादा शेजारी. त्यांचा डावा पाय सारखा पुढच्या पत्र्यावर दाबला जाई. क्षिप्रेचा पूल ओलांडून चढाला लागलो आणि माझा गिअर असा करकरला की बैलगाडीवाल्यांनी वळून पाहिले.

"बाजूला घे," दादा म्हणाले.

"दादा, कायद्यानं तुम्हाला..."

"मी चालवत नाही. आधी मंडईत पोती उतरव. मग त्या पोराच्या कचेरीकडे घे."

त्या दिवशी त्यांना शिकाऊ परवाना मिळाला. गाडीला पुढे-मागे एल अक्षराच्या पाट्या लागल्या आणि येताना दादा सुकाणूवर बसले. शेजारी परवानाधारक म्हणून मी. गाडी इतकी अलगद चालली की मला वाटले रस्ताच नवा केलाय. फक्त ती चालली रस्त्याच्या अगदी मधोमध.

पुढच्या बैलगाड्यांमागे हॉर्न वाजवला की त्या घाईघाईने कडेला जात. मग समोरून एक भरलेली लॉरी आली.

"दादा, डावीकडे घ्या."

"तो घेईल."

"दादा!"

शेवटी त्यानेच घेतले, चाके रस्त्याखाली उतरवून. खिडकीतून डोके काढून तो ओरडला, "ओ भिया, सड़क बाप की है क्या?"

दादांनी गाडी थांबवली. ते रागावले नव्हते, गोंधळले होते. धारला दरबारची मोटर दिसली की समोरचा खाली उतरे, नाक्यावरची साखळी आधीच खाली पडे. बावीस वर्षांत त्यांना कोणाला वाट द्यावी लागली नव्हती. वाट द्यायची म्हणजे हात किती वळवायचा, केव्हा वळवायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हते.

परीक्षेतही तेच झाले. साहेब खाली उतरून मला म्हणाले, "चलाते तो इतना बढ़िया हैं कि मैं क्या बताऊँ. मगर सामने वाला भी कोई है ना." नापास.

घरी आल्यावर दादांनी कोट काढला, टोपी खुंटीला लावली आणि ट्रंक उघडून बसले. धोतरे भरली. डबा भरला. मी दारात उभा होतो. तेवढ्यात आतून भिंतीला ऐकू आले, "म्हणावं, आम्ही बायका जन्मभर कडेकडेनंच चालतो. मेलो नाही अजून."

दादांचा हात ट्रंकेत थांबला. ते भिंतीकडे पाहून म्हणाले, "बरं."

दुसऱ्या सकाळी ते फिरायला निघाले तेव्हा मीही निघालो. देवासचा मोठा रस्ता अजून मोकळा होता. मी म्हटले, "दादा, आठवतंय ना? या रस्त्याची ही बाजू थोरल्या पातीची, ती धाकट्या पातीची. एकाच गावात दोन राज्यं, पण कोणी कोणाच्या हद्दीत दिवा लावत नसे."

"मग?"

"आपण थोरल्या पातीचे. आपली हद्द सोडायची नाही. समोरून येणारा धाकट्या पातीचा, त्यानं त्याची सोडायची नाही."

दादा थोडे चालून थांबले. "आणि परत येताना?"

"परत येताना ती बाजू आपली."

"म्हणजे येताना पाती बदलायची?"

"हो."

"आपल्या घराण्यात आजवर कुणी बदलली नाही," ते म्हणाले, पण परत फिरताना रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला गेले आणि गटाराला खेटून चालू लागले. एक ओळखीचे गृहस्थ समोरून आले. दादांनी बाजू सोडली नाही. त्यांनीच हसून विचारले, "काय हो, आज धाकट्या पातीत?" दादा म्हणाले, "येताना असतो."

महिनाभर ते असे चालले. रविवारी गाडीवर सराव करत. एकदा इतके डावीकडे गेले की मागचे चाक चरात उतरले आणि बैलजोडी लावून काढावे लागले. कोणी समोरून आले की त्यांच्या मानेच्या शिरा ताठ होत, पण हात वळे. कधी लवकर, कधी उशिरा, पण वळे.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी कचेरीबाहेर उभा राहिलो. बसवेना म्हणून समोरच्या चहावाल्यापुढे फेऱ्या घालत होतो. गाडी लांबून येताना दिसली. मध्ये गवताचा भारा लादलेली एक बैलगाडी आली. गाडीवान झोपलेला, बैल रस्त्याच्या मधोमध. दादांनी गाडी डावीकडे घेतली आणि पूर्ण थांबवली. बैल सावकाश निघून गेले. मग दादांनी हात बाहेर काढून, पुस्तिकेत दाखवला आहे तसा, निघण्याचा इशारा केला. मागे कोणीही नव्हते.

पास झाल्याचे दादांनी मला सांगितले नाही. पाट्या सोडवायला पाना मागितला. मी दिला. पाट्या त्यांनी स्वतः सोडवल्या.

पुढच्या सोमवारी माल घेऊन निघालो. इंदूरच्या हद्दीवर जकात नाका होता. आडवी साखळी, आणि अलीकडे पाच बैलगाड्या उभ्या. दादांनी गाडी पाचवीच्या मागे लावली आणि इंजिन बंद केले. गाड्या एकेक पुढे सरकल्या, तसे आम्हीही. नाकेदार चहा पीत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"भरी गाड़ी, छह आने."

माझा हात खिशाकडे गेला. दादांनी तो तसाच खाली ढकलला. त्यांनी स्वतःच्या खिशातून सुटे काढले, तळहातावर मोजले आणि खाली उतरून नाकेदाराच्या पुढ्यात ठेवले. सहा आणे. पावती घेतली आणि साखळी खाली येईपर्यंत थांबले.