बघा, आवाज येतोय का?

मी बीडच्या एका शाळेत आठवीच्या पोरांना विज्ञान शिकवते आणि त्यात विजेचा धडाही येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको.

आम्ही पुण्याच्या एका डॉक्टरांकडून जुनी हायब्रिड गाडी घेतली. थोडी पेट्रोलवर चालते, थोडी बॅटरीवर. डॉक्टर भला माणूस. किल्ली हातात देताना म्हणाले, "ताई, हिला दोन बॅटऱ्या आहेत. मोठी ठणठणीत आहे, धाकटी जरा थकलीय. तेवढी बदलून घ्या." मी "हो हो" म्हणाले आणि विसरले. (खरं म्हणजे विसरले नाही. एवढी थोरली बॅटरी घरात असताना धाकटीचे लाड कशाला, असा माझा शास्त्रीय विचार होता.)

आता आमचा दत्ता. माझा धाकटा दीर. औषधांचं दुकान, स्वभावाने गाय, वय चौतीस. आमच्याकडे चौतिशीच्या पोराला मुलगी मिळणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात असा पोरगा आहे त्यालाच विचारा! अकरा ठिकाणी पोहे खाऊन झाले होते. बाराव्या ठिकाणी, अंबाजोगाईला, रेणुकाने होकार दिला. पोरगी नर्स, हसरी, आणि दत्ता तिच्यावर असा भाळला होता की दुकानात गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाऐवजी मलम देत होता. धाक होता तो तिच्या वडिलांचा, अण्णांचा. मध्यस्थाने मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "वहिनी, अण्णाला बढाया मारणारी माणसं अजिबात खपत न्हाईत. मागचं स्थळ त्यांनी साखरपुड्याच्या मांडवातून वापस धाडलंय!"

साखरपुड्याला निघालो. मे महिन्याचं ऊन. गाडी मीच चालवत होते. केज मागे पडलं तसा दत्ता मागच्या सीटवरून म्हणाला, "वहिनी, पाया पडतो, आज गाडीचं कौतुक नको."

"मी? मी कधी करते कौतुक?"

आमच्या ह्यांना एकदम खोकला लागला.

अकराच्या सुमारास पोहोचलो. मुहूर्त साडेबाराचा. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, गाडीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पण रेणुकाचे मामा गाडीजवळ आले, पांढरा सदरा, भलंमोठं पोट, त्याहून मोठा आवाज, आणि विचारते झाले, "ताई, ही बिनआवाजाची गाडी असती म्हणतेत, ते खरं हाय का?"

आता तुम्हीच सांगा! पाहुण्याने विचारल्यावर गप्प बसणं बरं दिसतं का?

"थांबा, चालू करूनच दाखवते!" मी सीटवर बसले. पैठणी चुरगळू नये म्हणून पाय बाहेरच ठेवले आणि बटण दाबलं. दिवे लागले, पडदा उजळला, गाणं सुरू झालं, पंखा फरफरायला लागला.

"झाली चालू. बघा, आवाज येतोय का?"

मामांनी बॉनेटला कान लावला. डोळे मिटले. "आयला! कायबी न्हाई! ओ पाव्हणं, इकडं या, लई भारी गाडी हाय!"

मग काय, रांगच लागली! एकेक जण येतोय, बॉनेटला कान लावतोय आणि मान डोलवतोय. एका काकांनी तर दोन्ही कान लावून बघितले. माझ्या अंगात तर वारंच शिरलं. मायलेज सांगितलं, पडदा दाखवला, सगळे दिवे लावून दाखवले, वायपर कोरडेच फिरवले.

"पण ताई, हवा तर गरमच येतीय," मामा म्हणाले.

"हायब्रिडची तशीच असते. सावकाश गार होते."

"करंट किती असंल?"

"मोठ्या बॅटरीत दोनशे व्होल्ट! हात लावून तर बघा, माणूस जागेवर काळाठिक्कर!"

मांडवातून दत्ता दोन्ही हातांनी काहीतरी खुणा करत होता. मला वाटलं, पाहुण्यांना हात करतोय. मीही केला.

पाऊण तास हा सोहळा चालला. मग गाणं थांबलं, पडदा विझला, पंखा गप्प झाला.

"आता तर अजूनच शांत झाली!" मामा कौतुकाने म्हणाले.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "सूनबाई, साडी आन् अंगठी काढ बाई. पोरगी तिकडं साडीसाठी खोळंबलीय."

साडी, अंगठी, साखरेचा पुडा, ओटीचं सामान, सगळं डिक्कीत होतं. (माझाच हट्ट. "बटणाशिवाय उघडत नाही, डिक्कीइतकी सुरक्षित जागा नाही!") मी बटण दाबलं. काही नाही. किल्ली दाबली. काही नाही. मग डिक्कीला हाताने थोपटलं, गोंजारलं आणि कुणी बघत नाहीसं बघून एक गुद्दा घातला. काही नाही!

"बॅटरी उतरली असंल," मामांनी बाह्या वर केल्या. "धक्का मारू की!"

आठ जण लागले. गाडी तसूभर हलली नाही. मामांच्या सदऱ्याची शिवण मात्र पाठीवर टर्रकन उसवली.

"हँडब्रेक काढा!"

"काढलाय!"

"मग हलंना कावून?"

(करंट गेला की ही गाडी आपली चाकंच सोडत नाही, हे ज्ञान मला नंतर झालं.)

समोरच मुनीरभाईंचं गॅरेज होतं. ते हात पुसत आले, बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"बाजी, बॅटरी किधर है?"

"अहो, तिथंच असेल ना!"

"न्हाई ना बाजी. बॅटरीच न्हाई हिच्यात."

"चोरीला गेली!" मामा ओरडले. "वरपक्षाच्या गाडीची बॅटरी चोरीला गेली हो!" सगळा मांडव बाहेर आला. पाठोपाठ अण्णाही आले, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. बारा वाजून दहा मिनिटं.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, गाडी इतकी शांत हाय की आता उठंना झालीय," मामा म्हणाले.

मी घाईघाईने पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. मुनीरभाईंना ऐकू यावं म्हणून फोनचा स्पीकर लावला. ही माझी त्या दिवसातली सर्वांत मोठी चूक.

"धाकटी बॅटरी ना? ती डिक्कीत आहे ताई."

"डिक्की उघडत नाहीये!"

"बटण दाबा ना."

"बटण चालत नाहीये!"

"चालणार नाही. ते धाकट्या बॅटरीवर चालतं."

"आणि धाकटी बॅटरी?"

"डिक्कीत."

मुनीरभाई खाली बसले.

"पण उतरली कशी?" डॉक्टरांनी विचारलं. "चालू करताना ब्रेक दाबला होता ना?"

"ब्रेक? ब्रेक कशाला?"

"अहो ताई! ब्रेक दाबल्याशिवाय नुसते दिवे न् पंखा लागतो, तोही धाकटीवर. गाडी चालू झालीच नव्हती! बंद गाडीचा आवाज येईल कसा?"

 बॉनेटला कान लावून गेलेली पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती. मामांनी हळूच आपला कान चोळला. अण्णांनी पुन्हा घड्याळ बघितलं. आणि दत्ताचा चेहरा पार उतरला. अकरा वेळा पोहे खाल्लेलं पोर! आणि बारावं स्थळ मी मोडत होते.

"मागच्या सीटची एक पाठ खाली पडते," फोन सांगत होता. "तिथून कुणीतरी आत शिरा. डिक्कीला आतून ओढायची दांडी आहे."

कोण शिरणार? आमचे हे तिथे मावणार नव्हते. नवरदेवाला डिक्कीत घालायला सासूबाई तयार नव्हत्या. एक सडपातळ भाचा पुढे झाला, तर त्याच्या आईने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "कुठं चाल्लास? आत दोनशे व्होल्ट हाय! माणूस काळाठिक्कर होतंय!"

मग राहिलं कोण? विज्ञानाच्या बाई.

मी पदर खोचला आणि त्या भोकात डोकं घातलं. आधी हात गेले, मग खांदे. मग मी गेलेच नाही. पुढे होईना, मागे होईना! बाहेरून सासूबाई माझे पाय ढकलत होत्या. "जरा श्वास सोड की गं!" आत साखरेचा पुडा माझ्या नाकाशी, अंगठीची डबी कपाळाशी. चाचपडत दांडी सापडली. ओढली. डिक्की फटकन उघडली, डोळ्यांवर ऊन आलं आणि समोर अण्णा!

माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "अण्णा," मी म्हणाले, "बढाया मी मारल्या. आमचा दत्ता तसा नाही हो. काय शिक्षा करायची ती मला करा, पण त्याला परत पाठवू नका."

हे बोलत असतानाच मी साडी पुढे केली. माझ्या हातून घेतली ती खुद्द रेणुकाने. ती कधी बाहेर आली होती कोण जाणे! तोंडाला पदर लावून हसता हसता तिचे खांदे हलत होते. दत्ताकडे बघून तर ती अजूनच हसली.

अण्णांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओठाचा एक कोपरा हलला. "ताई, पोरगी आमी दत्तारावांना देतोय, गाडीला न्हाई. मुहूर्त चुकवू नका, चला. पण आमची एक अट हाय."

मांडवाने श्वास रोखला. मी तर आधीच रोखलेला होता.

"लग्नाच्या दिवशी पोरगी आमी आमच्या गाडीतून सासरी धाडू."

अट मी तिथल्या तिथे मान्य केली. वरपक्षाने असं एका दमात मान्य करायचं नसतं, असं सासूबाई मला आजही ऐकवतात. त्यांचं बरोबर आहे. पण वरपक्षाची थोरली सून अर्धी डिक्कीत आणि अर्धी मागच्या सीटवर असते, तेव्हा तिने अटी फक्त ऐकायच्या असतात!