गुळगुळीत गाल

धाकटा भाऊ शशी आमच्याकडे राहायला आला की सकाळी बेसिनपाशी गार पाण्यानेच दाढी करतो. गुणगुणत रेझर उलटसुलट कसाही फिरवतो, तरी गाल तुकतुकीत. मी दारात उभा राहून जळत असतो.

माझी दाढी म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक. आधी गरम पाण्याचा टॉवेल, मग भरपूर फेस, नवं ब्लेड, केसांच्या दिशेनेच हात, शेवटी गार पाणी आणि तुरटी. एवढं करून ऑफिसात पोचेपर्यंत मान खाजायला लागतेच. आम्ही एकाच आईची लेकरं, पण कातडी काही एका ताग्यातली नाही. दुसऱ्याच्या बंगल्याकडे बघून माणूस मान फिरवू शकतो. माझी तर मानच खाजते, ती कुठे फिरवू?

आज इरेला पेटून मीही उलटा हात मारला. मान लालबुंद झाली. बायकोने कुंडीतल्या कोरफडीचं पान कापून आणलं.

"भावजींशी बरोबरी करायला कुणी सांगितलं होतं?" ती करवादली. पण गर लावणारी बोटं अगदी हलकी होती.

शशी समोर बसून बघत होता. त्याची बायको वारल्यापासून तो एकटाच राहतो. थोड्या वेळाने म्हणाला, "वहिनी, मलाही जरा खाजतंय."

त्याच्या मानेवर साधी पुटकुळीही नव्हती. मी उरलेलं पान त्याच्या हातात दिलं. हिला मात्र माझ्याजवळून उठू दिलं नाही.