मिरजेची शटल बंद होती तेव्हा

लढाईत नवरा गेला, आणि पुढच्या वर्षी मी मिरजेच्या एका इस्पितळात नर्सचं काम शिकायला लागले. सासरे पलटणीतून पेन्शनीत निघालेले. मी त्यांना मामंजी म्हणायची. परवानगी देताना ते एवढंच म्हणाले, "शीक. पर दिवस मावळायला घरात पायजेस."

सकाळची शटल मला मिरजेला न्यायची, संध्याकाळची परत आणायची, म्हणून ते जमत होतं. आमचं गाव एका लहान संस्थानातलं. मिरज येईपर्यंत रूळ दुसऱ्याच संस्थानातून जायचे, पण डब्यात बसल्यावर हद्द कुठं लागली ते कळायचंही नाही.

लढाईपायी कोळशाची टंचाई झाली आणि शटल बंद पडली. दोन्ही संस्थानांनी मिळून जळण पुरवलं तर गाडी पुन्हा सुटेल, असं कानावर आलं. मामंजी मला घेऊन आमच्या दरबारच्या कचेरीत गेले.

कारभारी म्हणाले, "शेजारच्यांनी आधी लिहून द्यावं. मग आम्ही बघू."

"सायेब, आदी कुनीबी लिवा. पोरीचं शिक्शान बुडतंय."

"नियमाप्रमाणे होईल."

बाहेर आल्यावर मामंजींनी वहाणा पायात सरकवल्या. मग म्हणाले, "उद्यापास्नं मी बैलगाडी जुपतो."

आणि जुंपली. उजाडायच्या आत निघायचं. मी इस्पितळात शिरले की ते बैल सोडून फाटकाबाहेर बसून राहायचे. पावसाळ्यात घोंगडं भिजून जड व्हायचं. मी म्हणायची, "मामंजी, आत व्हरांड्यात तरी बसा." ते म्हणायचे, "बैलं कोन बगंल?"

श्रावणात त्यांना ताप भरला. छातीत घरघर ऐकली तेव्हाच हा न्यूमोनिया आहे हे मला कळलं. शेजाऱ्याला हाताशी घेऊन त्याच गाडीतून मी त्यांना मिरजेला नेलं. माझी ड्यूटी होती त्याच वॉर्डात त्यांना खाट मिळाली. मी शिकलेलं सगळं केलं. चौथ्या दिवशी ते गेले. गाडी जुंपायला कुणी उरलं नाही, माझं मिरजेला जाणं थांबलं.

दिवाळीनंतर दोन्ही दरबारांचं एकदाचं जमलं. एकानं लाकूडफाटा द्यायचा, दुसऱ्यानं तो वाहून आणायचा. शटल सुरू झाली. तोवर घरात मी आणि सासूबाई दोघीच उरलो होतो. त्या पावसाळ्यानंतर त्यांची नजर पार गेलेली.

"तू गेल्यावर मला पानी कोन दिल गं?" त्यांनी विचारलं. त्या रागानं बोलल्या नव्हत्या. मी तांब्या भरून त्यांच्या हाताशी ठेवला.

इस्पितळाच्या पांढऱ्या साड्या धुऊन, घडी घालून मी मिरजेला गेले. मुख्य नर्सबाई म्हणाल्या, "आता गाडी सुरू झाली ना? मग सोडतेस कशाला?" मी घरचं सांगितलं. त्यांनी साड्या ठेवून घेतल्या.

परतीच्या डब्यात खच्चून गर्दी होती. ओळखीच्या भाजीवालीनं सरकून मला जागा दिली. "लय ब्येस झालं बाई, गाडी आली," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हणाले. घरी पोचले तेव्हा सासूबाई अंधारात चुलीपाशी चाचपडत होत्या. मी आधी दिवा लावला आणि भाकरीला पीठ काढलं.