अप्पांची हवापालट

हुबळीत नोकरी करायची आणि निवृत्त झाल्यावर हवेसाठी धारवाडला राहायला जायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. अंतर वीस किलोमीटर. लोक हिमालयात निघाल्यासारखे निरोप घेतात. माझ्या वडिलांना, अप्पांना, दमा. हुबळीत आमच्या कमरीपेठेत एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात धूळ उडाली की त्यांची छाती वाजायची. म्हणून ते रेल्वेतून निवृत्त होताच आम्ही धारवाडला भाड्यानं घर घेतलं. निरोप समारंभात तीन वक्त्यांनी तिथल्या हवेची स्तुती केली. तिघेही अजून हुबळीतच राहतात.

जूनपर्यंत ठीक चाललं. जुलैत दिवसच्या दिवस भुरभुर, भिंतींना बुरशी, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट. पहाटेच्या गारठ्यात अप्पा खाटेवर उठून बसायचे आणि खोकायचे. मग ते रोज बसनं हुबळीला जायला लागले. पेन्शनचं काम आहे म्हणायचे. एका दुपारी ते मला कमरीपेठेत ओळखीच्या शिंप्याकडे सापडले, इस्त्रीच्या टेबलाशेजारी, उबेत.

"हे पेन्शनचं ऑफिस होय?"

"इथं श्वास येतोय रे. आईला सांगू नको."

"अप्पा राहायला तिकडं, श्वास घ्यायला इकडं," शिंपी कापडावरून मान न उचलता म्हणाला.

मी त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "दम्याचा रोजचा पंप चालू आहे ना?"

अप्पा पंख्याकडे बघत म्हणाले, "घर बदललं त्या दिवशी बंद केला. म्हटलं, आता हवाच आहे की."

"हवा मी लिहून दिली नव्हती."

गार, दमट हवेनं श्वासनळ्या आवळतात, बुरशीनं आणखी. कोरडी गरम धूळही तेच करते, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही गावांत बारा महिने रोजचा पंप घ्यायचा, त्रास नसला तरी.

आईला सांगावं लागलंच. "मला वाटलं, पेन्शनच अडकली," ती म्हणाली आणि पंप उचलून चहाच्या डब्याशेजारी ठेवला. सकाळी आधी पंप, मग चूळ, मग चहा. अप्पांनी दोन दिवस कुरकुर केली.

ऑगस्ट संपताना पाऊस तसाच होता, भिंतीही तशाच. अप्पा मात्र उजाडेपर्यंत आडवे झोपत होते.