शिट्टीताईंचा चौक

बेटावर चौक एकच. बंदराचा रस्ता, किनाऱ्याचा रस्ता, बाजाराचा आणि वरच्या वस्तीचा, सगळे तिथेच येऊन एकमेकांच्या अंगावर पडतात. सुट्ट्यांच्या दिवसांत बोटीतून उतरलेल्या गाड्या थेट इथे येऊन तुंबतात. आणि या सगळ्या गोंधळाच्या मधोमध, गोल ओट्यावर, पांढरे हातमोजे घालून उभ्या असायच्या आपल्या शिट्टीताई.

वाहतूक पोलीस बेटावर आणखीही होते, पण त्यांना विचारतो कोण? ताईंची गोष्टच वेगळी. उजवा हात उचलला की ट्रक गप्प. डावा हात अशा काही झोकात वळवायच्या की गाड्यांना नव्हे, लग्नाच्या पाहुण्यांना आत बोलावताहेत असं वाटावं. शिट्टीसुद्धा एका सुरात नाही. सायकलवाल्याला एक, बसला दुसरी, आणि उगाच हॉर्न वाजवणाऱ्याला तिसरी, जी ऐकून तो खाली मान घालून जायचा. एकदा नगराध्यक्षांची गाडी त्यांनी चारचौघांत मागे घ्यायला लावली होती. ही गोष्ट त्या अजूनही सांगतात, कुणी विचारलं नाही तरी.

"चौक माझा आहे," असं त्या म्हणायच्या, आणि बेटावर कुणाची ते खोडून काढायची छाती नव्हती.

त्या वर्षी मात्र बेटाला एकाच विषयाने पछाडलं होतं. हॉटेलवाल्यांना चौकावरून उड्डाणपूल हवा होता, वरच्या वस्तीला डोंगरातून बोगदा. पुलापायी शिंप्याचं आणि औषधवाल्याचं दुकान जाणार होतं. बोगद्यापायी डोंगराखालच्या लोकांचा झरा आटणार होता. न्हाव्याकडे गेलेला माणूस अर्ध्या दाढीनिशी भांडत रस्त्यावर यायचा. शेवटी पालिकेने जाहीर सभा ठेवली. बाहेरून एक इंजिनियरबाई नकाशे घेऊन येणार होत्या.

ताईंचं मत पक्कं होतं. पूल नको, बोगदाही नको. "चौक आहे, मी आहे, बास." कारण काहीही बांधलं तरी ताईंचा ओटा जाणार आणि त्यांना ऑफिसात बसून परवान्यांवर शिक्के मारावे लागणार. शिंपी आणि औषधवाला तर त्यांच्याच भरवशावर होते. ताई सभेत उभ्या राहिल्या की समोरच्याची बोलती बंद होते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आणि नेमक्या सभेच्या आठवड्यात ओट्यावरून उतरताना ताईंचा पाय मुरगळला.

डॉक्टरांनी घरी बसवलं. बदली म्हणून जो पोलीस आला तो असा उभा राहायचा की त्याच्यापेक्षा दिव्याचा खांब बोलका वाटावा. "बघाच तुम्ही," ताई नवऱ्याला म्हणाल्या, "सगळं बेट ठप्प होणार."

नवरा टुरिस्ट बस चालवायचा. स्वभावाने गरीब, बोलणं मोजकं. पाहुण्यांना किनाऱ्यावर सोडून तो दुपारी जेवायला घरी यायचा, आणि चौकामुळे रोज उशिराच यायचा. त्या दिवशीही उशिरा आला, कपाळ पुसत. "अगं, काही विचारू नकोस," तो म्हणाला. "चौकात नुसते नाकी नऊ आले. तुझ्याशिवाय काही खरं नाही."

ताईंचा पाय ठणकत होता, तरी त्यांना फार बरं वाटलं.

पण हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. दुसऱ्या दिवशी काठी टेकत गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या. खाली बघतात तर वळणावर, झाडाच्या सावलीत, नवऱ्याची बस उभी. रोजच्या वेळेच्या कितीतरी आधी. ताईंच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते कुठल्याही बायकोच्या मनात आलं असतं, आणि त्यांनी काठी जरा घट्ट धरली. पण बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. नवरा स्टेअरिंगवर पेपर पसरून बसला होता. वाचत नव्हता, सारखा घड्याळ बघत होता. बऱ्याच वेळाने त्याने पेपराची घडी केली, बाटलीतलं थोडं पाणी कपाळाला लावलं, केस विस्कटले आणि बस सुरू केली.

"काय ती गर्दी," दारातून आत येत तो म्हणाला.

ताईंनी ताट वाढलं. तो जेवून गेल्यावर त्या पुन्हा गच्चीवर गेल्या आणि चौकाकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिल्या. गाड्या येत होत्या, एकामागून एक, हॉर्न न वाजवता. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या ओट्यावर असल्या की लोक काच खाली करायचे, गाडी हळू करायचे, मोबाइल काढायचे. काही जण तर वळसा घालून पुन्हा यायचे. हे ताईंना दिसायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. त्या खांबाचा फोटो कोण काढणार?

त्यांना रडू कोसळलं. ज्या गुंत्यावर आयुष्यभर मिरवलं, त्यातली एक गाठ आपलीच निघाली. आणि हा माणूस, ज्याला धड खोटं बोलता येत नाही, तो आपल्याला हे कळू नये म्हणून उपाशीपोटी वळणावर बसून राहतो.

सभेला मुंगी शिरायला जागा नव्हती. हॉटेलवाल्यांचा पुढारी टेबल बडवत होता, वस्तीवाले त्याच्यावर ओरडत होते, इंजिनियरबाई मधे नकाशा धरून उभ्या. औषधवाल्याने ताईंना हाताला धरून पुढे आणलं. नवरा मागे दाराशी उभा होता.

"पूल की बोगदा ते मागाहून ठरवा," ताई म्हणाल्या. "आधी मला चौकातून हलवा."

लोक हसले. ताई हसल्या नाहीत.

"मी नसले की गाड्या लवकर सुटतात. मी उभी राहिले की लोक बघत बसतात. सगळी गर्दी माझ्यामुळे होते असं नाही, एवढी काही मी मोठी नाही. पण उद्या पूल बांधलात आणि खाली मी हातवारे करत उभी असले, तर लोक पुलावर गाड्या थांबवून वाकून बघतील."

इंजिनियरबाईंनी नकाशा खाली ठेवला. "हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

"घरी बसल्यावर बरंच कळतं," ताई म्हणाल्या. दाराकडे त्यांनी बघितलं नाही. "मला धक्क्यावर द्या. तिथे माणसं बोटीची वाट बघत उभीच असतात, बघू देत किती बघायचं ते. चौकात सिग्नल लावा. एक हंगाम जाऊ द्या. नाहीच जमलं तर काय हवं ते बांधा, मी आडवी येणार नाही."

"पण ताई, चौक तुमचा ना?" औषधवाल्याचा चेहरा पडला होता.

"माझाच आहे. म्हणून तर मी सांगतेय."

वाद काही मिटला नाही, पण एक हंगाम थांबायचं ठरलं. घरी जाताना ताई बसमध्ये पुढच्या सीटवर पाय लांब करून बसल्या. चौक आला तसं नवऱ्याने बस हळू केली, त्यांना ओटा नीट बघता यावा म्हणून.

"हळू करू नका," ताई म्हणाल्या. "मागे गाड्या आहेत."

पुढे वळणावर, झाडाजवळ, सवयीने त्याचा पाय पुन्हा ब्रेकवर गेला.

"इथेही नको. उद्यापासून सरळ घरी यायचं. आणि कपाळाला पाणी लावायचं कारण नाही."

नवऱ्याचे कान तेवढे लाल झाले, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच बस वळणावर न थांबता घरापर्यंत गेली.