पोपटी भिंत

लघुपट महोत्सवाचं उत्तर आज येणार, असं आयोजकांनी कळवलं होतं. सकाळपासून मी मोबाइल खाली ठेवला नव्हता. न्हाणीघरातही तो साबणाच्या फळीवर होता. बायको बाहेरून ओरडली, "त्येलाबी अंघोळ घालताय व्हय?" मला काही हसू आलं नाही.

पोटापाण्यासाठी मी लग्नं शूट करतो आणि लग्नसराई संपली की लघुपट. हे इतकी वर्षं चाललंय, की कोल्हापुरातल्या नातेवाइकांनी विचारणंही सोडलंय. या खेपेला मात्र बायकोला शब्द दिला होता. हा लघुपट निवडला गेला नाही, तर लग्नांच्या स्टुडिओत कायमची नोकरी धरायची आणि पुन्हा सिनेमाचं नाव काढायचं नाही.

लघुपट होता माझ्या हुपरीच्या मावशीवर. घरातल्याच एका खोलीत ती चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडते. जोडकामाच्या ज्योतीनं तिथली भिंत काळीकुट्ट झालेली. ती भिंत बघूनच मला सगळं सुचलं होतं. अर्धं शूटिंग उरकलं आणि पुढच्या रविवारी कॅमेरामन मित्राला घेऊन पुन्हा गेलो, तर भिंत पोपटी! झगझगीत ऑइलपेंट, वासही गेला नव्हता. पुढ्यात मावशी नवी साडी नेसून बसलेली.

माझं डोकंच फिरलं. "मावशी, काय करून ठेवलंस हे?"

"काय म्हंजे? सगळ्या मुलखातली माणसं बघणार न्हवं? पावणं येणार म्हटल्यावर घर रंगवतोयच की आपण."

मित्रानं तोडगा काढला, कोळसा फासू. मी कोळसा हातात घेतलाही. मावशी उठून बाजूला झाली. "फास बाबा, तुझा शिणेमा हाय," म्हणाली, आणि जाताजाता पदरानं भिंतीवरचा कसलासा डाग पुसून गेली.

मी कोळसा अंगणात भिरकावला आणि एसटी स्टँडवर जाऊन चहा ढोसत बसलो. तिच्यावर चिडावं, तर ती चुकीचं काही बोलली नव्हती. परत आलो, आधीचं सगळं शूटिंग रद्द केलं आणि पोपटी भिंतीपुढे पहिल्यापासून सुरुवात केली. मित्रानं धुसफुसतच कॅमेरा लावला.

दुपारी मेल आला. निवड नाही. खाली एका ओळीत कारण: घर सजवलेल्या सेटसारखं वाटतं, खऱ्या कारागिराचं वाटत नाही.

मी घरभर येरझाऱ्या घातल्या. मावशी रोज विचारायची, म्हणून शेवटी तिला फोन लावला आणि कारण वाचून दाखवलं. तिला वाईट वाटेल अशी भीती होती. ती तर उसळलीच.

"खरं न्हाय म्हंजे? माझा पत्ता दे त्यास्नी. या म्हणावं बघायला. च्या ठेवतो."

फोन स्पीकरवर होता. बायको फिसकन हसली. दिलेला शब्द मात्र दोघांनाही आठवत होता.

मी स्टुडिओच्या मालकाला फोन केला, सोमवारपासून येतो म्हणालो. मग त्या मेलला उत्तर लिहिलं: मावशीचं घर हुपरीत नेमकं कुठे आहे, एसटीतून उतरून कसं यायचं, आणि चहा ठेवलेला असेल. पाठवून टाकलं.

तेव्हापासून मोबाइल पुन्हा हातातून सुटत नाही.