वाढलेली बांगडी

ब्रह्मपुरीच्या सईदाबाई गेली सव्वीस वर्षे आसपासच्या खेड्यांतल्या बायकांना बांगड्या भरतात. हा धंदा त्यांना सासूकडून मिळाला आणि त्यासोबत एक ताकीदही मिळाली. गिऱ्हाइकासमोर बांगडी ‘फुटली’ असे कधी म्हणायचे नाही, ‘वाढली’ म्हणायचे. सौभाग्याच्या वस्तूला फुटण्याचे क्रियापद लावणे अशुभ, ही समजूत गिऱ्हाइकांची. सईदाबाईंनी ती नमाजाइतक्याच नेमाने पाळली. वाढलेल्या बांगडीचे तुकडेही त्या स्वतः वेचून रुमालात बांधून नेत, लेकरांच्या पायांत जाऊ नयेत म्हणून.

मग घरोघरी एक मालिका आली. तिच्यातली चेटकीण काजल पहिला महिनाभर कपाळभर कुंकू लावून स्मशानात बसे. पुढे लेखकांना काय साक्षात्कार झाला कोण जाणे. तिच्या नावापुढे ‘बानो’ आले, डोक्यावर ओढणी आली, जिभेवर उर्दू आली, आणि ती सवाष्णींच्या बांगड्यांचे तुकडे वेचत ‘वाढली, वाढली’ असे पुटपुटू लागली. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला शुभ शब्द एका आठवड्यात करणीचा मंत्र झाला. मध्ये मध्ये गोरेपणाच्या मलमाची जाहिरात होती.

जी बाई अस्तित्वातच नाही तिचा धर्म बदललेला गावांनी निमूट मान्य केला, आणि जिच्या हाती सव्वीस वर्षे मनगट दिले तिच्या धर्माची चौकशी आरंभली. दोन गावांनी सईदाबाईंना जीपमधून उतरताच परत पाठवले. तिसऱ्या गावात इंदुताईंच्या दिव्यानीचे लग्न होते. हा चुडा हातचा गेला तर बांगड्यांची पेटी कायमची माळ्यावर जाणार, हे सईदाबाई जाणून होत्या. इंदुताईंना त्या नकोच होत्या. दिव्यानीने हट्टाने बोलावले होते.

ओसरीवर बायका जमल्या, पण नेहमीची थट्टा नव्हती. डाव्या हातात सातवी बांगडी चढताना कट्‌ आवाज झाला. सगळ्यांचे डोळे सईदाबाईंच्या ओठांवर खिळले.

त्यांनी शांतपणे म्हटले, “फुटली.”

इंदुताई ताडकन उठल्या. लेकीच्या चुड्यावर हा शब्द! “फुटली नाई म्हणू, बाई. वाढली म्हणा, वाढली.”

“मले वाटलं, तो शब्द आता टीव्हीवालीचा झाला,” सईदाबाई म्हणाल्या. “तुमच्या तोंडून चालते काय?”

दिव्यानी तेवढी हसली आणि तिने हात आणखी पुढे केला.

इंदुताईंनी क्षमा मागितली नाही. तेवढी नैतिक सवय मालिका लावत नाहीत. त्या तुकडे वेचायला खाली वाकल्या, आणि वाकलेल्या स्थितीत आपण कोणासारख्या दिसतो हे ध्यानात येताच थबकल्या. भोवतालच्या बायका टक लावून पाहत होत्या.

“सईदाबाई, हे तेवढं तुमीच उचला ना,” त्या हळूच म्हणाल्या.

“आधी चुडा भरू द्या,” सईदाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आठवी बांगडी हातात घेतली.